कपाळावर न लिहिलेली वेळ

मी घर सोडले त्या सकाळी आईने शेवटपर्यंत एकच मुद्दा लावून धरला. "कोंबरी कापली तं तुला चक्कर येते, आनि तू फौजंत जाऊन लोकांना पट्ट्या बांदनार हाय?" वडील शेताच्या बांधावरून म्हणाले, "जाऊं दे त्याला. नव्या शहरासाठी जमीन घ्यायची नोटीस आली हाय. उद्या आपुन तरी कुठं असू?" ठाण्याच्या एसटीत मी पेटी मांडीवर घट्ट धरून बसलो. आईचे खरे होते. रक्ताची मला भीती वाटायची.

आमच्या गावात, शिरवण्यात, राहिलेल्यांनी आणि माझ्यासारख्या बाहेर पडलेल्यांनीही मला अनेकदा विचारले, फौजेत नेमके करायचास काय? पत्रात मी लिहायचो, 'थंडी आहे, जेवण बरे आहे.' आज बाकीचे लिहितो.

डोंगरातल्या आमच्या चौकीवर चाळीस जण होते आणि डॉक्टर एक दिवसाच्या चालीवर. म्हणून मला, साध्या नर्सिंग असिस्टंटला, सगळे डॉक्टर म्हणत. सकाळी आजाऱ्यांची रांग, मग पिण्याच्या पाण्यात औषध, संडासाच्या खड्ड्यांवर चुना, प्रत्येकाचे बूट काढायला लावून बोटे तपासणे, खेचराच्या पाठीला मलम, आणि ज्यांना लिहिता येत नव्हते त्यांची पत्रे. साताऱ्याकडचा शिंदे पाय पुढे करून म्हणायचा, "डॉक्टर, लगीन जमवताय का काय? रोज पाय बघताय." सगळे हसायचे, मीही हसायचो. पण बोटे तपासताना वाटायचे, यातल्या कुणाला तरी एक दिवस खरी जखम होईल आणि तेव्हा मी एकटा असेन.

ती शिंदेलाच झाली. आम्ही गस्तीवरून परतताना सकाळीच त्याचा पाय सुरुंगावर पडला. समोरच्या टेकडीवरून गोळ्या येत होत्या. मी त्याच्याशेजारी आडवा पडूनच मांडीला पट्टा आवळला, वेदना मारणारे मॉर्फिन टोचले.

"डॉक्टर, पाय हाय का?"

"हाय रे. गप पड," मी खोटे बोललो.

मॉर्फिन दिले की जखमीच्या कपाळावर खूण आणि वेळ लिहायची, हा नियम. थंडीत ते औषध अंगात हळू भिनते. माणूस ओरडत राहतो, आणि खूण नसेल तर पुढचा पुन्हा टोचतो. दोन्ही डोस एकदम चढले की श्वास थांबतो. हे मला पाठ होते. शिंदेचे स्ट्रेचर खालच्या चौकीकडे जाऊन तास झाल्यावर, औषधांची पेटी लावताना रिकामी सिरिंज हातात आली आणि त्याचे कपाळ आठवले. कोरे.

वायरलेस बंद होता. खालच्या चौकीची वाट त्याच सुरुंगांच्या उतारावरून जायची. स्ट्रेचरवाल्यांच्या बुटांच्या ठशांत पाय टाकत मी निघालो. एका जागी ठसे खडकावर संपले. तिथे मी उभाच राहिलो. किती वेळ, ते आजही सांगता येत नाही, आणि मी तर सगळ्याच्या वेळा लिहून ठेवणारा माणूस. मग खाली बसून, पुढची माती हाताने चाचपत सरकलो.

खालच्या चौकीवर माझेच काम करणारा नायर होता. तो म्हणाला, "चिल्ला रहा था. माथे पे कुछ लिखा नहीं था. अभी दिया."

"मैंने भी दिया था."

त्याने मला शिवी दिली नाही. शिंदेच्या छातीवर हात ठेवून तो श्वास मोजू लागला. मिनिटाला दहा. मग सात. मॉर्फिनवरचा उतारा आमच्याजवळ नव्हता. त्याला बोलते ठेवायचे आणि श्वास अडकला की तोंडाने भरायचा, एवढेच हातात होते.

"शिंदे, गावात शिरलं की पहिलं घर कुणाचं?"

"सुताराचं."

"त्याच्यापुढं?"

असे आम्ही त्याच्या दारापर्यंत गेलो, मग पुन्हा वेशीपासून. तो गप्प झाला की मी शिरवण्यात शिरायचो. खाडीकडून वर येताना पाटलांचे दार, मग विहिरीजवळचे काकांचे, मग आमचे. प्रत्येक दाराशी त्याच्या गालावर चापट. एकदा तो चिडून पुटपुटला, "लई मोठं गाव हाय तुमचं. झोपू द्या की."

"झोपून तर बघ!" मी ओरडलो.

दुपारी हेलिकॉप्टर आले तेव्हा श्वास चौदावर होता. पाय गेला, शिंदे वाचला. माझी चूक मी साहेबांना लेखी दिली. शिक्षा झाली, ती योग्यच होती.

फौज सोडून परतलो तेव्हा आमच्या शेतांवर नेरूळचे सेक्टर उभे होते. त्यातल्याच एका सोसायटीत मी राहतो, गावापासून दहा मिनिटांवर. काकांच्या दाराजवळची विहीर बुजली. आमचे दार भावाने दुसऱ्या बाजूला फिरवले. गावात गेलो की मी पाहुण्यासारखा चहा पिऊन येतो.

गेल्या वर्षी बायकोचे ऑपरेशन झाले. कागद, रक्ताचे रिपोर्ट, गोळ्यांच्या वेळा, सगळी तयारी माझ्याकडे होती. ऑपरेशन थिएटरचे दार बंद झाले आणि करायचे काही उरले नाही. बाकावर डोळे मिटून मी खाडीकडून निघालो. पाटलांचे दार, काकांचे दार. आमचे दार जुन्याच जागी होते.

"बाबा, काय पुटपुटताय?" मुलीने हात धरला.

"घरी चाललोय," मी म्हणालो. "थांब जरा, पोचू दे."