आत्याचा पंच

माझ्या आत्याने एकटीने माणसांना जेवढे धक्के दिलेत, तेवढे बंगळूरच्या सगळ्या रस्त्यांनी मिळूनही दिले नसतील. सरकारी प्रयोगशाळेत जन्मभर रसायनं मोजून ती निवृत्त झाली, पण मोजणं काही सुटलं नाही. बनशंकरीतल्या तिच्या घरी पाकात थर्मामीटर बुडतो आणि पोहे स्टॉपवॉच लावून भिजतात. माझ्या लग्नात अक्षता चाळीस सेकंद आधीच पडल्या म्हणून तिने भटजींना शेवटचं मंगलाष्टक पुन्हा म्हणायला लावलं होतं. सोवळंही तितकंच कडक. एकदा खोकल्याच्या औषधाचा नुसता वास घेऊन ती बाटलीसकट डॉक्टरांकडे परत गेली. "यात अल्कोहोल आहे. मी खोकेन, पण हे घेणार नाही," म्हणाली आणि खरोखरच महिनाभर खोकली.

अशा बाईचा नाताळच्या आदल्या दिवशी मला फोन आला. "येताना स्पार्कलिंग वाईनच्या दोन बाटल्या आण. गार हव्यात." मी इलेक्ट्रॉनिक सिटीहून तिच्याकडेच निघालो होतो. बसमध्ये ताडकन उभा राहिलो, तेवढ्यात माझी जागा गेली. "कुणासाठी?" असं विचारेपर्यंत तिने फोन ठेवला होता.

पोचलो तर टेबलावर संत्री, पेरू आणि पेअरच्या एकसारख्या फोडी, डाळिंबाचे दाणे, लवंग-दालचिनीचा गार केलेला पाक, आणि रेशमी साडीतली आत्या मोजपात्र घेऊन उभी! मी दोन्ही बाटल्या टेबलावर ठेवल्या. मग तिने सांगितलं. खालच्या मजल्यावरच्या ख्रिश्चन शेजारणीचा नवरा दर नाताळला वाईन घातलेला हा फळांचा पंच करून अख्ख्या इमारतीला पाजायचा. तो जूनमध्ये गेला. यंदा शेजारणीने ना दारात तारा लावला, ना केक केला.

"ती म्हणते, आता कशाला? म्हणून मी करतेय."

"पण कृती?"

"दरवर्षी जिन्यात उभा राहून सांगायचा. ऐकलेलं मी विसरत नाही."

मी बूच उडवलं, ते थेट देवघरात, बाळकृष्णाच्या पुढ्यात. मी कान पकडले. आत्याने ते शांतपणे उचललं. "त्याला खेळायला झालं," एवढंच म्हणाली. स्वतः चव घ्यायची नाही, म्हणून चमचा माझ्या तोंडात. "आंबट किती? नाकात झिणझिण्या आल्या? नीट सांग, अंदाजे नको."

भांडं घेऊन आम्ही खाली गेलो. शेजारणीने दार उघडलं, पंच पाहिला आणि मटकन खुर्चीत बसली. एक घोट घेऊन कन्नडमध्ये म्हणाली, "दालचिनी जास्त झालीय, अक्का." आत्याचा चेहरा पडला. "त्याचीही दरवर्षी जास्तच व्हायची," असं म्हणून ती बाई रडायला लागली. नवरा गेल्यापासून ती एकदाही रडली नव्हती, हे मला नंतर कळलं. आत्याला माणसांना जवळबिवळ घेता येत नाही. ती नुसतीच उभी राहिली. मग तिने दुसरा पेला भरला आणि माझ्या डोळ्यांदेखत, तीर्थ घ्यावं तसे डोळे मिटून, तो गटागटा रिकामा केला! माझ्या हातातला डाव खाली पडला. शेजारीण रडता रडता "अय्यो, अक्का!" म्हणून किंचाळली आणि हसत सुटली. दिवेलागणीपर्यंत दोघी त्याच्याविषयी बोलत बसल्या.

परत जिना चढताना आत्याने कधी नव्हे तो माझा दंड धरला. मधल्या वळणावर थांबून म्हणाली, "चांगला लागतो रे." मग थोड्या वेळाने, "इतकी वर्षं इथेच उभा राहून विचारायचा, 'अक्का, स्वल्प? थोडासा तरी?' आणि मी त्याचं वाक्य पूर्ण व्हायच्या आत नाही म्हणायचे."

खालून पेले विसळल्याचा आवाज येत होता. ती तो ऐकत उभी राहिली. मीही वर चलायची घाई केली नाही.