उजव्या बाजूनं

नागपुरात ऑटोत बसणाऱ्या माणसाला दिवसातून एकदा तरी म्हणावंच लागतं, ‘भाऊ, उजव्या बाजूनं घ्या.’ मी ते म्हणत नाही. माझी गल्ली मोठ्या रस्त्यावरून उजवीकडेच वळते, पण मी ऑटो सरळ जाऊ देतो, पुढे पाण्याच्या टाकीपाशी उतरतो आणि तेवढं अंतर मागे चालत येतो. ऑटोवाल्यांना वाटतं, म्हातारा विसरभोळा आहे. वाटू दे. ‘उजव्या बाजूनं घे’ हे शब्द माझ्या बहिणीचे आहेत, आणि तिनं ते म्हटले तेव्हा मी ऐकलं एक, केलं भलतंच.

ती माझ्याहून सहा वर्षांनी लहान. आमच्या लहानपणी सीताबर्डीच्या फुटपाथवर रविवारी जुन्या पुस्तकांचे ढीग लागत, त्यात अमेरिकेची रंगीत कॉमिक्स असत. कोणाचं कव्हर नाही, कोणाचं शेवटचं पान नाही. मी ती वेड्यासारखी जमवली. पाठीवर चादर बांधून गच्चीच्या कठड्यावर उभा राहिल्याबद्दल मार खाल्ला, तोही आनंदानं. बहीण माझ्यामागून तीच पुस्तकं वाचायची आणि दर वेळी नाक मुरडायची. तिचं म्हणणं एकच होतं. एका अंकात हिरो मरतो, सगळं शहर रडतं, आणि पुढच्या ढिगात पाहावं तर हा परत उडून राहिला.

“यायले धड मरता बी येत नाही गा दादा,” ती म्हणायची. “मंग रडाचं काहून?”

मी चिडायचो. मला वाटायचं, हिला कळतच नाही. मेलेला माणूस परत येतो, याहून चांगली गोष्ट कोणती असू शकते? हा वाद आमच्यात चाळीस-पंचेचाळीस वर्षं चालला.

पुढे मी भिलाईला ड्राफ्ट्समन म्हणून लागलो. जन्मभर यंत्रांचे नकाशे काढले आणि वाचले. ती इथल्या एका शाळेत विज्ञान शिकवू लागली. आईवडिलांचं शेवटपर्यंतचं सगळं तिनंच केलं. मी दिवाळीला यायचो, उन्हाळ्यात यायचो, चार दिवस राहायचो. दारात बॅग ठेवली की तिचा पहिला प्रश्न ठरलेला असे, “किती दिवसासाठी?” माझं लग्न टिकलं नाही, तिनं केलंच नाही. दोन माणसं, दोन गावं, दोन गॅस. निवृत्त झाल्यावरही मी तिकडेच राहिलो, कारण काय विचाराल तर सांगता येणार नाही. सवय, दुसरं काय.

मांगा तिच्या हातात कशी पडली, ते ती फार रंगवून सांगायची. नववीच्या वर्गात मागच्या बाकावरची एक मुलगी पाठ्यपुस्तकाच्या आड काहीतरी वाचत होती. बहिणीनं ते जप्त केलं. जपानी चित्रकथा, काळी-पांढरी, इंग्रजीत भाषांतर केलेली. मधल्या सुट्टीत सहज उघडली आणि शाळा सुटली तरी खाली ठेवली नाही. दुसऱ्या दिवशी त्या मुलीला स्टाफरूममध्ये बोलावलं. ती रडायच्या बेतात. बहीण म्हणाली, “हे घे तुझं. दुसरा भाग आहे का?”

तेव्हापासून आमच्या फोनवर वादाला नवीन धार आली. तिच्या वर्गातली अर्धी पोरं मांगा वाचत होती, माझे हिरो फक्त टी-शर्टावर उरले होते. मी म्हणायचो, रंग नाहीत, काही नाहीत, मोठाले डोळे नुसते. ती म्हणायची, “यात गेलेला माणूस गेलेलाच राहते, दादा. बाकीचे त्याच्याशिवाय कसे जगतात ते दाखवतात. आनि गोष्ट संपते. तुझ्या हिरोंची संपते का कधी?” मी फोनवर हसायचो. मनातून लागायचं.

तिची सगळ्यात आवडती मालिका अकरा भागांची होती. समुद्रकाठचं एक गाव, तिथं छत्र्या दुरुस्त करायचं दुकान. ते चालवणारी मुलगी एकटी. मोठा भाऊ एका दुपारी ‘येतोच’ म्हणून निघून गेला, त्याची छत्री खुंटीवर राहिली. त्या दुकानात जिवंत गिऱ्हाइकं येतात तशी कधीमधी मेलेलीही येतात, आपली विसरलेली छत्री बघायला. दिसायला सगळी सारखीच. फरक एवढाच, मेलेल्याच्या हातात छत्री टिकत नाही, ती परत खुंटीवर जाते. त्यामुळे मुलगी दर वेळी दाराकडे पाहते. भाऊ येईल तेव्हा छत्री हातात घेईल की नाही, एवढाच त्या अकरा भागांचा जीव.

नऊ भाग बहिणीनं स्वतः वाचले. दहावा भिंग लावून वाचला. लहानपणापासूनच्या साखरेनं तिचे डोळे खाल्ले होते, मग मूत्रपिंडांची पाळी आली. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, आणि गेल्या वर्षी छातीत पाणी झालं म्हणून धंतोलीतल्या एका दवाखान्यात भरती केलं. मी भिलाईहून आलो. मी तिला सावलीसारखा दिसत होतो, चेहरा नाही, आकार. प्रश्न मात्र तोच. “किती दिवसासाठी?”

“बघू,” मी म्हणालो. हेही मला आठवतं.

अकरावा भाग नुकताच आला होता. तो आणायला मी पुस्तकांच्या मोठ्या दुकानात गेलो. एक अख्खी भिंत मांगाची, समोर फरशीवर बसून वाचणाऱ्या शाळेच्या ड्रेसमधल्या मुली. माझे हिरो कुठे आहेत म्हणून विचारलं तर गुडघ्याखालचा एक कप्पा दाखवला. वाकून एक अंक घेतला, थोडा इरेलाही पेटलो होतो. दवाखान्यात तो तिच्या हातात दिला. तिनं कागद चाचपला, गुळगुळीतपणा ओळखला आणि ऑक्सिजनच्या मास्कच्या आत हसली. “अजून जिवंत आहे का हा?”

अकरावा भाग मी तिला तीन दुपारी वाचून दाखवला. पुस्तक मागून उघडायचं, हे तिनं पूर्वीच मला शिकवून ठेवलं होतं. तसं मी उघडलं, पानंही उलट्या दिशेनं उलटली, आणि इंग्रजीचं आपल्या बोलीत करत गेलो. मजा अशी व्हायची की आधी उत्तर यायचं आणि नंतर प्रश्न. एक म्हणायचा, ‘मागच्या पावसाळ्यात,’ मग दुसरा विचारायचा, ‘कधी हरवली?’ मी वैतागून म्हणालो, “हे लोक असेच बोलतात का वं? आधी उत्तर देऊन मोकळे?” बहीण इतकी हसली की मास्क सरकला. “वाच तू,” म्हणाली. “चांगलं वाचून राहिला.”

शेजारच्या पलंगावर भिवापूरचे एक गृहस्थ होते. ते बहुतेक वेळ झोपलेले असत, त्यांची बायको मात्र स्टूल ओढून आमच्याकडे कान लावून बसे. तिलाही आता त्या भावाची काळजी लागली होती. पोळीचा डबा उघडताना विचारायची, “आला का गा भाऊ, तो पोरगा घरी?”

तिसऱ्या दुपारी शेवटची दोन पानं आली. समोरासमोर, दोन्ही पानांवर एकेक मोठं चित्र, शब्द एकही नाही. मी डाव्या पानापासून सुरुवात केली. दारात भाऊ उभा आहे, केस पिकलेले. मुलीनं खुंटीवरची छत्री काढून पुढे केली आहे आणि त्याचा हात मुठीवर आहे. मग उजवं पान. दुकान रिकामं. छत्री खुंटीवर. मुलगी स्टुलावर एकटी, दाराकडे पाहत.

“आला,” मी सांगितलं. “छत्रीले हात लावला. पण छत्री पुन्हा खुंटीवरच. गेला परत.”

“म्हंजे मेला होता का?” भिवापूरच्या बाईंनी विचारलं.

“तसंच दिसते,” मी म्हणालो.

मला जरासुद्धा शंका आली नाही. आला आणि परत गेला, यात मला खटकण्यासारखं काय होतं? मी स्वतः जन्मभर तेच केलं होतं.

बहिणीनं मान माझ्याकडे वळवली. मग मास्कच्या आतून, एकेक शब्द वेगळा करत म्हणाली, “दादा. उजव्या बाजूनं घे.”

तिला दर दोन तासांनी कुशीवर वळवायचं असे, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून. वेळ झालीच होती. मी भिवापूरच्या बाईंना हाताशी घेतलं, आणि आम्ही दोघांनी तिला हळूच उजव्या कुशीवर वळवलं. उजवीकडे भिंत होती. “बरं वाटते का आता?” मी विचारलं. ती काहीतरी बोलायला गेली, दम लागला, मग तिनं मान हलवली. मी पुस्तक पिशवीत ठेवलं आणि खाली जाऊन तर्री-पोहे खाल्ले. परत आलो तेव्हा तिला झोप लागली होती. दुसऱ्या दिवशी पहाटे ती अत्यवस्थ झाली, त्यानंतर तिला कोणी कुशीवर वळवलं नाही. दोन दिवसांनी गेली.

मी भिलाईला परतलो नाही. परतायला काय होतं तिकडे, असा प्रश्न फार उशिरा पडला. तिच्या घरात राहू लागलो. तिचा चहाचा कप, तिचं भिंग, शाळेच्या तपासायच्या राहिलेल्या वह्या. दुपारी कुठल्याही खोलीत असलो तरी वाटायचं, शेजारच्या खोलीत कोणीतरी पान उलटलं. मी उठून बघायचो. दर वेळी बघायचो, याची मला लाज वाटत नाही.

दीडेक महिन्यानं एक मुलगी आली, तिच्या शाळेची, आता अकरावीत. तीच ती मागच्या बाकावरची. मॅडमकडून नेलेले दोन भाग परत करायला आली होती. आत येऊन बसली, रडली नाही, पण पाण्याचा ग्लास तसाच हातात धरून राहिली. मग तिनं विचारलं, “मॅडमनी शेवटचा भाग वाचला का, काका?”

“मी वाचून दाखवला,” मी म्हणालो. थोड्या अभिमानानंच म्हणालो. “पण शेवट मले काही आवडला नाही. इतकी वाट पाहून तो मेलेलाच निघाला.”

तिनं माझ्याकडे विचित्र नजरेनं पाहिलं. “मेलेला? नाही, काका. तो तर छत्री घेते न.”

मी आतून पुस्तक आणलं. शेवटची दोन पानं उघडून तिच्यापुढे धरली आणि बोट ठेवून सांगितलं, हे बघ, हा आला, आणि हे बघ, ही परत एकटी. तिनं माझं बोट हळूच उचललं आणि दुसऱ्या पानावर ठेवलं.

“इकडून नाही, काका. उजव्या बाजूनं घ्यायचं असते. पानं बी, अन् चौकटी बी. आधी ती एकटी, मंग तो येते.”

मी ती दोन पानं पाहत राहिलो. उजवं पान: रिकामं दुकान, खुंटीवर छत्री. डावं पान: दारात भाऊ, छत्री हातात. त्याच्यापुढे काही नाही. गोष्ट तिथं संपते. आधीच्या सगळ्या पानांवरची उलटी उत्तरं आणि प्रश्न माझ्या डोक्यात आपापल्या जागी जाऊन बसू लागले. जन्मभर नकाशे वाचणाऱ्या माणसाला दोनशे पानांत एवढं दिसू नये?

“फक्त ऐकून मॅडमले कळलं असन का, मी उलटं वाचून राहिलो म्हणून?” मी विचारलं.

“मॅडमले?” ती पहिल्यांदा हसली. “मॅडमले तर पहिल्याच पानावर कळलं असन. आम्हाले त्याच शिकवत होत्या.”

ती मुलगी गेली. दार लावून मी बहिणीच्या खोलीत, तिच्या पलंगावर बसलो. पलंगाच्या उजवीकडे इथंही भिंतच आहे. मी शेवटची दोन पानं उजव्या बाजूनं मोठ्यानं वाचली. ती एकटी आहे. छत्री खुंटीवर आहे. आला. छत्री घेतली.

पानं उलटी वाचली गेली हे जिला कळलं, तिला ती सुलटी करून भाऊ जिवंत परत आलेलाही दिसला असणार. शेवट तिला माहीत झाला होता. ‘उजव्या बाजूनं घे’ म्हणाली ती एवढ्यासाठी, की ‘आला’ आणि त्यापुढे काही नाही, असं तिला माझ्या तोंडून एकदा ऐकायचं होतं. आणि मी तिला भिंतीकडे वळवलं.