मावशी उठली की लॉक सुटतो

आधीच सांगतो, असले अनुभव लिहायला माझ्याइतका नालायक माणूस सापडायचा नाही. आमचं घर बौद्ध. नवस, उतारा, अंगारा उंबऱ्याबाहेर ठेवायचं, हे मी शाळेत जायच्या आधीच शिकलो. कुणी भूत दिसलं म्हणालं, की मी त्या खोलीतलं व्होल्टेज विचारतो. तरी हे झालं... आणि तेही भरदुपारी.

शहरात टीव्ही सेंटरजवळ आमच्या घराच्या पुढच्या खोलीत माझी आणि सलीमभाईंची लॅब आहे. कारखान्यांची मोजणीची यंत्रं तपासून द्यायची. त्यासाठी आम्ही जुन्या मोबाइल टॉवरमधून निघालेलं एक सेकंडहँड रुबिडियम स्टँडर्ड घेतलं. जेवणाच्या डब्याएवढी पेटी. रुबिडियमच्या अणूंशी सूर जुळला की ती अतिशय अचूक फ्रिक्वेन्सी देते आणि हिरवा दिवा लागतो. त्याला म्हणायचं लॉक.

आमचा दिवा लागेचना. पॉवर सप्लाय बदलला, कपॅसिटर बदलले, आतला रुबिडियमचा बल्ब हॉट एअर गननं शेकला. शेवटी पेटीला एक चापटही मारली — आमच्या पिढीला टीव्हीची सवय! इकडे चितेगावच्या एका कारखान्याचे फ्रिक्वेन्सी मोजायचे काउंटर त्याच संध्याकाळी तपासून द्यायचे होते. नाही दिले, तर त्यांचं सगळं काम पुण्याला जाणार.

तेवढ्यात पाचोडहून आमच्याकडे आलेली कौसामावशी, माझ्या आईची धाकटी बहीण, चहाचा कप घेऊन शेजारच्या खुर्चीत टेकली.

दिवा लागला.

मी ओरडलोच. मावशी दचकून उठली — दिवा गेला.

"मावशी, बस!"

"काय झालं रं?"

"तू फक्त बस गं!"

बसली. हिरवा!

फॉल्ट शोधायची आमची एकच रीत, एकेक भाग बदलून बघायचा. तीच आम्ही मावशीवर चालवली. चांदीच्या पाटल्या काढल्या — लॉक. चष्मा काढला — लॉक. खुर्ची बदलली — लॉक. मग मावशीच्या जागी माझ्या बायकोला बसवलं. काही नाही.

"म्हणजे माझ्यातच खोट," बायको म्हणाली. "नवीन काय त्यात?"

मी बसलो, तर मीटरचा काटा असा सैरावैरा पळाला की सलीमभाईंनी मला हाताला धरून उठवलं. "मिलिंदभाई, खाला को छोड के अपने यहाँ सब फॉल्टी है."

पेटीची फ्रिक्वेन्सी जीपीएसच्या वेळेशी ताडून पाहिली. तंतोतंत! मग काय, मावशी भेंडी चिरत बसली आणि आम्ही एकामागून एक काउंटर उरकायला लागलो. शेवटचे थोडे राहिले, तशी ती पिशवी घेऊन उठली.

"निघते मी. उद्या बाजार हाय, मिरच्या कोण विकंल?"

"थोडं थांब ना, आमचं गिऱ्हाईक जाईल..."

"तुजंच गिऱ्हाईक असतं व्हय? माजं नाय?"

फोनवर तिचा आवाज ऐकवून पाहिला; पेटीनं दाद दिली नाही. मग सलीमभाईंनी व्हॅन काढली. बॅटरी, काउंटर आणि मावशी. पेटी तिच्या मांडीवर. पाचोडपर्यंतच्या सगळ्या खड्ड्यांत माझा कणा सुटायची वेळ आली, लॉक काही सुटला नाही. उरलेले काउंटर मावशीच्या ओट्यावर तपासले, निम्मी गल्ली बघायला जमली. सलीमभाई तिथूनच चितेगावला सुटले आणि फोनवर ओरडले, "ले लिए! अगला काम भी अपनाच!" ओट्यावर टाळ्या पडल्या. कशाबद्दल, ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

नंतर मी उष्णता, ओल, अर्थिंग, सगळं मोजलं. एका जाणकार मित्राकडे पेटी पाठवली. तिथं दिवा लागला नाही. कारण मला आजही सापडलेलं नाही. पेटी आता पाचोडलाच असते, कामं घेऊन आम्हीच तिकडं जातो. शेवटी मी मावशीलाच विचारलं, "तू नेमकं करतेस तरी काय?"

"काय नाय रं," ती म्हणाली. "लई घाबरल्यागत घुईघुई करतंय त्ये आत. मी म्हन्ते, हाय ना मी इथं."