आत्यांचं तिकीट

“अर्धी रिकामी? कोण म्हणतं बोट अर्धी रिकामी जाते?”

“तिकिटं म्हणतात, आत्या. अख्ख्या वर्षाची तिकिटं तपासलीत मी.”

“तिकिटं बोटीत बसत नाहीत, फिने. माणसं बसतात.”

“अहवालात माणसं नसतात, आकडे असतात.”

“मग घाल तो अहवाल चुलीत आणि त्यावर मासे भाज. तेवढा तरी उपयोग होईल.”

मोतुलोआ बेटाच्या धक्क्यावरचं सरकारी बोट कंपनीचं ऑफिस म्हणजे एक पत्र्याची खोली, एक खिडकी आणि टोआकासे. एकवीस वर्षं हे असंच होतं. समोर घामाघूम होऊन बसलेला फिनेआसी तिच्या धाकट्या भावाचा मुलगा. टोंगाच्या राजधानीतून, नुकुआलोफाहून, मंत्रालयाने त्याला पाठवलं होतं. ऑफिसच्या शर्टावर त्याने वडीलधाऱ्यांपुढे मानाने बांधतात ती कमरेची चटई रीतसर बांधली होती, कारण आत्येपुढे तो साहेब म्हणून आला नव्हता. आणि साहेब म्हणूनही आला होता, हीच त्याची पंचाईत होती. कंपनी विकायची की ठेवायची, हे त्याच्या अहवालावर ठरणार होतं. घेणाऱ्या व्यापाऱ्याने आधीच सांगून टाकलं होतं की ठरलेल्या दिवसाची फेरी वगैरे काही नाही, माल भरला की बोट सुटेल.

“तोट्यातली बोट सरकारने किती दिवस ओढायची?” फिनेआसी म्हणाला.

“तुझ्या घरावरून डांबरी रस्ता जातो ना? त्याला कधी विचारलंस, बाबा रे, यंदा किती कमावलंस? आमचा रस्ता पाण्यावर आहे, इतकाच फरक.”

“म्हणजे खाजगी माणूस वाईट आणि सरकार देव?”

“देव? मी सरकारी नोकरीत म्हातारी झाले, मला सांगतोस?”

एकोणिसाव्या वर्षी ती सरकारी खोबरं कंपनीच्या वजनकाट्यावर नोकरीला उभी राहिली होती. तिथल्या मॅनेजरने मुलीच्या लग्नाची डुकरं कंपनीच्या ट्रकमधून नेली, तेव्हा टोआकासेने भर वखारीत विचारलं, “साहेब, ही डुकरं कुठल्या भावाने तोलू?” त्याचं बक्षीस म्हणून तिची बदली बोटीच्या धक्क्यावर झाली. पुढे ती खोबरं कंपनी विकली गेली. नवा मालक तीन हंगाम आला, चौथ्याला आलाच नाही. बेटावरचं खोबरं पोत्यांत सडलं आणि उंदीर तेवढे गुबगुबीत झाले. तिचा नवरा मानू त्याच वर्षी फळं तोडायला न्यूझीलंडला गेला आणि तिकडचाच झाला. टोआकासे राहिली. तिला रडगाणं जमायचंच नाही. आज रडत बसली तर खोबऱ्यासारखी बोटही जाईल, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

बाहेर भोंगा वाजला. बोट धक्क्याला लागली होती.

“ये इकडे, खिडकीशी,” ती म्हणाली. “आणि मोज.”

बोटीवर चढायच्या फळीच्या तोंडाशी तिकीटवाला लोतो तिकिटांचं पुस्तक घेऊन उभा होता. पुरुष आले, पैसे देऊन तिकीट घेऊन गेले. मग चटयांच्या वळकट्या, कंदांच्या टोपल्या आणि काखेत डुकराचं एक पिल्लू असा सरंजाम घेऊन बाया चढू लागल्या. लोतो स्वतःच्या पायाच्या अंगठ्याकडे पाहू लागला.

“तिकिटं किती फाटली?” टोआकासेने विचारलं.

“पंधरा.”

“आणि माणसं?”

“एकतीस.” फिनेआसी थबकला. “ही निळ्या छत्रीवाली कोण?”

“लोतोची आत्या. मागची त्याच्या बापाची आत्या. तिच्यामागची कप्तानाची.”

इथे थोरल्या आत्येला फाहू म्हणतात. भावाच्या मुलांकडून ती वाटेल ते मागते आणि पोरं मान खाली घालून देतात. तिच्याकडे तिकीट मागणारा भाचा या बेटावर अजून जन्माला यायचा होता.

“तू सुट्टीत इथे तिकिटं फाडायचास,” टोआकासे म्हणाली, “तेव्हा मी किती वेळा फुकट गेले?”

“दर वेळी,” फिनेआसी सकाळपासून पहिल्यांदा हसला. “डुकरासकट.”

“मग लिही तसं. फुकट्यांच्या यादीत पहिलं नाव माझं.”

“बोट भरलेली असते, पण कंपनी आत्यांनी खाल्ली, असं लिहू? उद्याच विकतील.”

“पुढचंही लिही. लोतोला मालावर लाव, फळीच्या तोंडाशी मी उभी राहते. आत्येला नाही म्हणायला आत्याच लागते. माझ्याहून थोरल्या इथे दोघीच, आणि दोघींनाही बोट लागते, चढतच नाहीत. आणि एवढं करूनही जी फेरी भरणार नाही, तिचे पैसे सरकारने उघड द्यावेत. कंपनीच्या तोट्यात लपवून मग कंपनीलाच आळशी म्हणू नये.”

फिनेआसीने कपाळ पुसलं. “साहेब हसतील मला.”

“हसू दे. दात चांगले असतात साहेबांचे.”

तो खुर्ची पुढे ओढून हळूच म्हणाला, “आत्या, एवढं सगळं कशाला? तुम्ही फाहू म्हणून सांगा. ‘फिने, कंपनी ठेवा असं लिही.’ आत्ता लिहितो. कुणी विचारलं तर म्हणेन, आत्येचा शब्द होता. राजधानीतसुद्धा कुणाची बिशाद नाही पुढे विचारायची.”

सकाळपासून तीन बाया आणि खुद्द पाद्री तिला हेच सांगून गेले होते. एक शब्द टाक, टोआकासे. शब्द ओठांवर आलाही. किती सोपं होतं. फळीवरून चटया सावरत, लोतोकडे न बघता वर चढण्याइतकं सोपं.

“सांगा ना,” फिनेआसीने पेनाचं टोपण काढलं. “करता हुकूम?”

बाहेर अजून रांग होती. टोआकासेने खिळ्यावरचं तिकिटांचं कोरं पुस्तक काढलं, शिक्का मुठीत घेतला आणि हुकूम न करताच ती उन्हात निघून गेली, सरळ फळीच्या तोंडाशी.