तिच्याच लॉगिनवरून

नेटवर्कच्या खोलीत तिला सगळे ‘प्रश्नचिन्ह’ म्हणायचे. स्विचला, म्हणजे ऑफिसातले संगणक एकमेकांना जोडणाऱ्या यंत्राला, हुकूम देताना ती प्रत्येक शब्दापुढे प्रश्नचिन्ह टाइप करायची, म्हणजे पुढे काय काय लिहिता येतं ते पडद्यावर दिसतं. यात हसण्यासारखं काही नाही, यंत्रानेच ती सोय दिली आहे. पण टवाळांना कारण कशाला लागतं?

सर्वांत जास्त हसायचे सर. ते दोन-तीन अक्षरांत शब्द उरकायचे आणि स्विचला तो कळायचाही. स्वतःचा पासवर्ड टाकायचाही त्यांना कंटाळा. तिला खुर्चीवरून उठवायचं आणि तिच्याच लॉगिनवरून बोटं चालवायची, ही त्यांची रीत. एकदा तिने चूक दाखवली, तर चारचौघांत म्हणाले, “माझी बोटं चालतात तेव्हा तुझं तोंड बंद.” नवऱ्याचं काम सुटलेलं, घर तिच्या एकटीवर आणि तिला कायम करणं सरांच्या हातात. तिने अपमान गिळला. घरी सासूबाई रोज दारातच विचारायच्या, “झालीस का गं कायम?”

त्या दिवशी मजल्यांमधल्या मुख्य केबलवर नव्या विभागाची लाइन सोडायची होती. प्रत्येक विभागाच्या लाइनला एक नंबर असतो; हुकमात ‘ॲड’ लिहिलं तर नवा नंबर जुन्यांत मिळवला जातो. नाही लिहिलं, तर जुने सगळे उडतात आणि एकटा नवा उरतो. तिच्या खुर्चीत बसलेल्या सरांनी घाईत ‘ॲड’ लिहिलंच नाही.

तिला ते दिसलं. “थांबा” म्हणायला वेळ होता. पण खोटं कशाला सांगा, तिला आनंद झाला. पडू दे एकदा तोंडघशी, असं मनाशी म्हणत तिने ओठ घट्ट मिटले.

सरांनी एंटर दाबलं आणि पडदा गोठला. ही खोलीही त्याच केबलवरून जोडलेली; बसल्या फांदीवरच घाव घातला होता, आता इथून दुरुस्तीलाही वाट नव्हती. शेवटी कुणीतरी वर धावत जाऊन स्विच बंद करून चालू केला, तेव्हा साठवून न ठेवलेला तो हुकूम पुसला गेला आणि जुनं सगळं परत आलं. तोवर मालकांची मोठ्या गिऱ्हाइकाबरोबरची बैठक मध्येच तुटली होती आणि गिऱ्हाईकही गेलं होतं.

मालक तणतणत खाली आले. कुणाच्या लॉगिनवरून काय टाइप झालं, याची नोंद वेगळी राहते, ती बंद-चालू करून पुसत नाही. नाव तिचं निघालं.

“सरांनी केलं ते,” ती म्हणाली. “मी नुसती शेजारी उभी होते.”

“मग तुम्हाला चूक दिसली नाही?”

दिसली नाही म्हणावं तर काम येत नाही, दिसली म्हणावं तर मुद्दाम गप्प राहिली. इकडे आड, तिकडे विहीर.

“शब्दाशब्दाला प्रश्नचिन्ह टाकतेस,” सर हळहळून म्हणाले, “नेमकं आजच कसं गं विसरलीस?” खोलीत हशा पिकला. मालकही हसले आणि म्हणाले, “यांचं नाव काढून टाका.”

हुकमाआधी ‘नो’ लिहिलं की आधीचं लिहिलेलं पुसलं जातं. सर तिच्याच खुर्चीत, तिच्याच लॉगिनवर बसले. तिच्या नावाआधी ‘नो’ लिहिलं, या वेळी एकेक शब्द पूर्ण. मग मागे वळले.

“बघ गं, बरोबर आहे ना? चूक असली तर बोल.”

तिने नीट पाहिलं. एकही चूक नव्हती.