सेल नसलेलं घड्याळ आणि खालापूरची पोपटी

निघायच्या दिवशी सकाळी मी न्हाणीघराचं दार आतून लावलं, घड्याळाला चावी दिली आणि त्याच्या पाठीला नवी चिकटपट्टी लावली. हे वाचून आपल्या संध्याकाळच्या कट्ट्यावरची मंडळी बुचकळ्यात पडतील. माझं ते काळ्या तबकडीचं मोठं घड्याळ सगळ्यांनी पाहिलं आहे. "फुटपाथवरचं आहे, डुप्लिकेट," असं मीच सांगितलं होतं, आणि त्यावर सगळ्यांचं हसूनही झालं आहे. तेव्हा गाडीत बसण्याआधी एक गोष्ट लिहून टाकतो. ते घड्याळ खरं आहे.

नोकरीभर मी विमानतळावरच्या दुरुस्ती खात्यात होतो. वैमानिकाच्या समोर असतात त्या गोल तबकड्या, म्हणजे उंची, वेग आणि वेळ दाखवणाऱ्या, आमच्या टेबलावर यायच्या. मी त्या उघडायचो, पुसायचो, जुळवायचो. त्यातल्या एका जुन्या जातीची विमानं उडायची थांबली, तेव्हा परदेशातल्या एका घड्याळवाल्या कंपनीने त्यांची आठवण म्हणून मोजकीच घड्याळं काढली. तबकडी हुबेहूब आमच्या टेबलावरची. काळी, चमक नसलेली, वर पांढरा त्रिकोण, त्याच्या दोन बाजूंना दोन ठिपके. आणि ती तबकडी बनवली होती अशाच एका मोडीत काढलेल्या विमानाच्या पत्र्यातून. ते विमान निवृत्त, मी निवृत्त. मला राहवलं नाही.

घरी आल्यावर विमलने, माझ्या पत्नीने, विचारलं, "नवीन दिसतंय?" तिच्या हातात तेव्हा जुनी छत्री होती आणि ती तिच्या काडीला दोरा बांधत होती. त्या छत्रीकडे बघत माझ्या तोंडून निघून गेलं, "फुटपाथवरचं आहे गं. डुप्लिकेट."

पुढचं सगळं त्या एका वाक्याचं भोगणं. या घड्याळाला सेल नसतो. आत एक वजन असतं, हात हलला की ते फिरतं आणि स्प्रिंग भरते. माझ्यासारखा खुर्चीत बसून पेपर वाचणारा माणूस तेवढा हलत नाही, म्हणून वरून थोडी चावी द्यावी लागते. पण फुटपाथवरच्या घड्याळाला चावी देणारा माणूस कोणी पाहिलाय? म्हणून न्हाणीघर. पाठीला काच आहे आणि आतलं वजन विमानाच्या पंख्याच्या आकाराचं आहे. ते दिसू नये म्हणून चिकटपट्टी. "धातूने खाज येते," असं मी विमलला सांगितलं होतं. तेव्हापासून ती रोज झोपण्यापूर्वी माझ्या मनगटाला खोबरेल तेल चोळत असे. खाज नव्हतीच, पण ते तेल मला झोंबायचं.

तर आम्ही निघालो विमलच्या माहेरी. खोपोली आणि खालापूरच्या मधलं गाव. तिचा धाकटा भाऊ बाळाराम याने पोपटीला बोलावलं होतं. (पोपटी म्हणजे वालाच्या शेंगा, अंडी, कोंबडी असं सगळं मडक्यात भरून शेतात भाजायचं, थंडीत वाल भरला की आमच्या रायगडात घरोघरी त्याचीच बोलणी.)

दुपारची गाडी मोकळी होती. वांगणी सुटली आणि शेलूचे नवे टॉवर दिसू लागले. विमल म्हणाली, "इथे सगळा वाल असायचा. आता बाल्कन्या पिकल्यात." भिवपुरीला तिने डोंगराकडे बोट केलं. तिकडे वीजघराच्या वसाहतीत तिची मावशी राहायची. दर वेळी ती हे सांगते आणि दर वेळी मी "हो का?" म्हणतो.

समोर टोपलीवाल्या मावशी बसल्या होत्या. त्यांनी माझ्या मनगटाकडे बघून विचारलं, "किती वाजलं हो दादा? घड्याळ भारी हाय तुमचं."

मी तोंड उघडायच्या आत विमल म्हणाली, "डुप्लिकेट आहे."

"आसंना का," मावशी म्हणाल्या, "वेळ तर खरी सांगतंय नव्हं?"

मी खिडकीबाहेर बघू लागलो.

कर्जतला फलाटावर वडापाव खाल्ला. खोपोलीची गाडी निवांत उभी होती. पळसदरी मागे पडलं, डोंगर जवळ सरकले, आणि खोपोलीच्या डोक्यावर नागफणीचं टोक दिसलं की विमल दर वेळी पदर सारखा करते, तसा तिने केला. बाहेर बाळाराम टेंपो घेऊन उभा.

"जयभीम भावजी! ताय, किती वाळलीस गं?"

"तू माझ्या वाटचं खातोस ना रं, मग कशी भरणार मी?"

बाळारामच्या घरी जावयाचा मान अजून जुन्या पद्धतीचा आहे. जावयाने पाटावरून उठायचं ते फक्त दुसऱ्या पाटावर बसायला. मी तांब्या उचलला तर बाळारामची बायको सुमन धावत आली. "भावजी, तुमी नाय! लोक काय म्हनतील?" ताट उचलू देईनात, खुर्ची सरकवू देईनात. तांदळाची गरम भाकरी, वालाचं बिरडं आणि सुक्या जवळ्याची चटणी सारखी पुढ्यात येत राहिली. माझा उजवा हात जेवत होता आणि डावा, घड्याळाचा, मांडीवर मानाने पडून होता.

चावी द्यायला आडोसा नव्हता. न्हाणी अंगणात, दाराच्या जागी गोणपाट, आणि बाहेरून बाळारामची हाक, "भावजी, पानी कडत हाय का? आनखी टाकू?" खोलीत गेलो तर मागून चहा, ओट्यावर गेलो तर मागून पाट. दुसऱ्या दिवशी सकाळी घड्याळ मागे पडलेलं दिसलं. दुपारी जेवून मी ते खिडकीत ठेवलं. सगळे पांगले की चावी देऊ, असं म्हणून आडवा झालो आणि झोप लागली.

उठलो तर खिडकी रिकामी.

"सुमन, इथलं घड्याळ?"

"ते व्हय? बंद पडलं हुतं. सेल गेला आसंल. ह्यांनी नेलंय खोपोलीच्या शिळफाट्याला, सेल टाकायला." तिच्या चेहऱ्यावर समाधान होतं. "जावयाचं घड्याळ आमच्या घरी बंद पडावं, बरं दिसतं का?"

माझ्या डोळ्यांसमोर एक सुरी आली आणि तिच्या टोकाखाली ती काच. मी चपला घातल्या आणि सुटलो. त्या सुमनच्या होत्या, हे फाटकाबाहेर कळलं. विमल अंगणात वालाच्या शेंगा निवडत होती.

"अहो, कुठे?"

"शिळफाट्याला! घड्याळ!"

"त्या फुटपाथच्या घड्याळासाठी? थांबा, पडाल कुठेतरी!" ती शेंगांची पाटी टाकून मागे आली.

रिक्षा मिळाली. आत आधीच एक गृहस्थ भाताचं पोतं घेऊन बसले होते. रिक्षावाल्याने आरशात बघून विचारलं, "काका, गाडी चुकली का?"

"नाही हो. घड्याळ."

"घड्याळ चुकलं?"

विमल माझ्याकडे बघत होती. आता दुकानात पोचल्यावर तिला दुसऱ्याच्या तोंडून कळणार, त्यापेक्षा माझ्या तोंडून कळलेलं बरं. हमरस्त्याला ट्रकांची रांग होती. मी हळूच म्हणालो, "विमल, ते खरं आहे."

"काय?"

"खरं आहे ते."

ट्रकचा भोंगा वाजला. "काय खरं आहे?"

"घड्याळ!" मी ओरडलो. "डुप्लिकेट नाही! खरं आहे! महागाचं आहे! मी खोटं बोललो!"

नेमका तेवढ्यात भोंगा थांबला होता. पोतंवाले गृहस्थ माझ्याकडे बघू लागले. रिक्षावाल्याने आरसा सारखा केला. विमलने पदर आवळला आणि ती रस्त्याकडे बघत राहिली. शिळफाट्यापर्यंतचा तो रस्ता मला फार लांब वाटला.

दुकान म्हणजे मोबाइलची कव्हरं, चार्जर आणि सेल विकणारी टपरी. बाळाराम पुढे कोपर टेकून उभा. आत टपरीवाल्याने माझं घड्याळ पालथं धरलं होतं आणि तो सुरीने कडेकडेने चाचपत होता.

"ह्याचं झाकन कुठून उघडतं तेच कळंना," तो म्हणत होता. "ठोकून बगू का?"

"थांबा!" मी असा ओरडलो की शेजारचा भेळवालाही थांबला.

मी घड्याळ हातात घेतलं. काच शाबूत होती, कडेला बारीक ओरखडा होता. आता लपवायचं काय? मी नखाने चिकटपट्टीचं टोक सोडवलं आणि सगळ्यांसमोर ती ओढून काढली. काचेतून आतली चाकं दिसली, आणि त्यांच्यावर तो विमानाचा पंखा. मग मी घड्याळ हलवलं. पंखा गरकन फिरला. पुन्हा हलवलं, पुन्हा फिरला. उलटं करून पाहिलं तर सेकंदाचा नारिंगी काटा पुढे निघाला होता.

"आयला!" बाळाराम ओरडला. "आत पंखा हाय! विमानाचा पंखा!"

टपरीवाला बाहेर आला, भेळवाला आला, पोतंवाले पोतं सोडून आले. घड्याळ या हातातून त्या हातात गेलं आणि प्रत्येकाने ते एकदा हलवून पाहिलं. "सेलच नाय? हात हलवला की चालतं?" मी सांगत गेलो, ही तबकडी उडालेल्या विमानाच्या पत्र्याची आहे, असल्याच तबकड्या मी दुरुस्त करायचो. त्या टपरीसमोर मी जितकं बोललो तितकं नोकरीतल्या निरोप समारंभातही बोललो नव्हतो. आणि लोक ऐकत होते!

मग बाळारामने विचारलं, "मंग भावजी, तुमी डुप्लिकेट का म्हनला?"

सगळे माझ्याकडे बघू लागले.

"ते मला सांगतील," विमल म्हणाली. "तू टेंपो काढ जा."

आम्ही रसवंतीच्या बाकावर बसलो. तिने रस घेतला पण प्यायली नाही.

"मला तुमची कीव यायची," ती म्हणाली. "आमच्या भिशीच्या बायकांना मी सांगायची, जन्मभर विमानं नीट केली या माणसाने आणि हातात बघा, नकली घड्याळ. चार दिवस हौस करावी असं यांना वाटत नाही, म्हणायची."

"चुकलं माझं."

"आणि ती खाज?"

"नव्हती."

"मी रोज तेल लावत होते."

"हो."

ती माझ्याकडे बघत राहिली, मग तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतेय. पण ती हसत होती, डोळे पुसून पुसून हसत होती. "तेल परत द्या माझं," एवढंच तिला म्हणता आलं.

हसणं ओसरलं तेव्हा मी किंमत सांगायला लागलो. तिने हात वर केला. "आकडा सांगू नका. मग मला घड्याळ दिसणार नाही, आकडाच दिसेल. पुन्हा खोटं बोलू नका, बस. आणि ते पत्र्याचं परत सांगा. नीट सांगा, मघाशी गर्दीत ऐकू आलं नाही."

मी सांगितलं. तिने रस संपवला आणि हात पुढे केला. "बघू."

मी काटे जुळवून ते तिच्या मनगटावर बांधलं, पट्टा शेवटच्या भोकात बसला. हिरव्या बांगड्यांच्या वर ते वैमानिकाचं घड्याळ. तिने हात लांब धरून पाहिला, जवळ आणून पाहिला आणि परत दिलं नाही.

सकाळी मी सवयीने लवकर जागा झालो, चावीची चिंता घेऊन. चुलीपुढे विमल भाकऱ्या थापत होती आणि घड्याळ तिच्या हातात. थाप, फिरव, थाप. मी तिचा हात धरून पाहिला. काटे बरोबर वेळ दाखवत होते. चावी कोणीच दिली नव्हती. माझ्या हातात जे जेमतेम जगायचं, ते तिच्या हातात पोटभर जेवून चाललं होतं.

संध्याकाळी शेतात पोपटी लागली. मडक्याच्या तळाला भांबुर्डीचा पाला (रानात उगवणारी वासाची वनस्पती, तिच्याशिवाय पोपटी नाही), त्यावर शेंगा, ओवा, मीठ, मसाला लावलेली कोंबडी, अंडी, वर पुन्हा पाला. मडकं उपडं ठेवून भोवती पेंढा आणि काटक्या पेटवल्या. या घड्याळाच्या काचेभोवती एक फिरतं कडं आहे. इंधन किती वेळ पुरेल हे वैमानिकाला कळावं म्हणून ते असतं. मी विमलला ते दाखवलं. तिने खूण जाळ लागल्याच्या वेळेवर आणली.

बाळाराम हसला. "ताय, पोपटीला घड्याळ लागतं का गं? मडक्यावर पानी मारायचं. चर्र झालं की झालं."

"तू पाणी मार. मी घड्याळ बघते."

सगळे जाळाभोवती उभे, मी मात्र शेतातही आणलेल्या पाटावर. डोक्यावरून एक विमान दिवे मिचकावत उतरत गेलं. सवयीने मी वर पाहिलं, आणि प्रथमच विमलनेही पाहिलं. काटा खुणेच्या अर्धा तास पुढे गेला तशी ती म्हणाली, "बाळ्या, झाली." त्याने ओंजळीतलं पाणी मडक्यावर शिंपडलं. चर्र! पाणी दिसेनासं झालं.

"आयला, ह्या पंख्याला पोपटी कळती!" बाळाराम म्हणाला, आणि शेतभर हशा झाला. मडकं उघडलं, वाफेबरोबर ओव्याचा वास आला. पहिली शेंग सुमनने माझ्या हातात ठेवली. मी पाटावरून उठलो आणि तिच्या हातात दुसरी ठेवली. "भावजी, तुमी नाय!" ती म्हणाली, पण शेंग घेतली.

परतीच्या गाडीत कर्जतला एक गृहस्थ समोर बसले. विमलच्या मनगटाकडे बघून त्यांनी हसत विचारलं, "वहिनी, एवढं मोठं घड्याळ? डुप्लिकेट का?"

"खरं आहे," विमल म्हणाली. "यांनी विमानं नीट केलीयेत." आणि भिवपुरी आली तरी ती मावशीबद्दल बोलली नाही, पंख्याबद्दलच बोलत होती. मी ऐकत होतो.

घड्याळ कसं आहे, असं कट्ट्यावर कोणी विचारलं तर आता उत्तर देता येईल. वजनाला जड, उन्हात नीट वाचता येतं, कडेला शिळफाट्याचा एक ओरखडा आहे आणि तो मी घालवणार नाही. संध्याकाळी ते माझ्या हातात असतं, पाठीला पट्टी नसते, हवं त्याने हलवून पाहावं. सकाळी बघायचं असेल तर मात्र घरी या. त्या वेळी ते पीठ मळत असतं.