आवाज आधी, झोप मागाहून

झोपेतून जागं होणं ही रोज नव्याने घडणारी आणि एखाद्या दिवशी सहज न घडू शकणारी गोष्ट आहे, असं मनापासून मानणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. ते म्हणजे माझे अमरावतीचे घरमालक. आपण सगळे डोळे उघडले की उठतो. काका तसे उठत नसत. दुपारी रेडिओ ऐकतो म्हणत ते कानात वायर घालून झोपत आणि त्या झोपेतून टप्प्याटप्प्याने चालू होत. आधी दिवाणावर डोळे मिटूनच बसत आणि स्वतःची हजेरी घेत. "पाय हाये. दुसरा बी हाये. हात हाये. चष्मा..." इथे हात उशीखाली चाचपडत राही. "चष्मा नाई सापडून राहिला." चष्मा सापडेपर्यंत पुढची पायरी नाही. मग स्वतःचं नाव, मग गाव, मग आजचा वार, आणि हे सगळं जुळलं की डोळे उघडून समोर जो असेल त्याला म्हणत, "हां, बोल आता." मधेच कोणी काही विचारलं तर पुन्हा आडवे होऊन पायापासून सुरुवात. एकदा कुरिअरवाला सहीसाठी दारात उभा होता आणि दर थोड्या वेळाने "आजोबा, सही!" असं ओरडत होता. त्या दुपारी काकांचे पाय इतक्या वेळा मोजून झाले की शेवटी सही मी केली.

मी चांदूर बाजारकडच्या एका खेड्यातला. घरी संत्र्याची बाग, आणि कॉलेजची पायरी चढणारा घरातला मी पहिलाच. अमरावतीला कॉम्प्युटरच्या शिक्षणासाठी आलो तेव्हा खोली बघायला वडील सोबत होते. काकांनी वडिलांना खुर्ची दिली, मला उभं ठेवलं आणि विचारलं, "मशीनचं बटण दाबलं का तिले पयले काय आठवते?" मी पाठ केलेलं काहीतरी सांगू लागलो. काकांनी हात वर केला. "काईच आठवत नाई. आपण मशीन हाओ हे बी आठवत नाई. जरासा एक तुकडा जागा होते, तो दुसऱ्याले हालवते, दुसरा तिसऱ्याले. असं करत करत मशीन सोताले सापडते. नाई सापडली, तं गेली." वडील जरा विचार करून म्हणाले, "आमच्या बैलाचं बी असंच हाये." काकांना हे उत्तर इतकं पटलं की खोली मला तिथल्या तिथे मिळाली, तीही वडिलांच्या गुणवत्तेवर.

तेवढ्यात काकू पाणी घेऊन आल्या. गळ्याभोवती पांढरा सुती रुमाल, चेहरा शांत. पेले ठेवून त्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या, आणि आतल्या खोलीतून एका बाईचा ठसठशीत आवाज आला, "पाणी घ्या. गूळ देऊ का संग?" आतली खोली आमच्या समोरच होती. तिचं दार उघडं होतं आणि आत कोणी नव्हतं. वडिलांचा पेला ओठांशी जाता जाता थांबला. काकू मात्र आमच्याकडे पाहून, ओठ मिटलेलेच ठेवून, उत्तराची वाट पाहत होत्या. परतीच्या वाटेवर बस स्टँडवर वडील एवढंच म्हणाले, "खोली चांगली हाये. रातच्याले कडी लावून निजत जाय."

आवाज काकूंचाच होता. घशाच्या आजारात त्यांचं स्वरयंत्र काढावं लागलं होतं. गळ्याला भोक होतं, श्वास तिथून चालायचा, त्यावर तो रुमाल. ऑपरेशनच्या आधीच्या दिवसांत काका त्यांच्यामागे रेकॉर्डर घेऊन फिरले. त्यांनी सभ्य वाक्यं लिहून आणली होती, "कृपया मला पाणी द्यावे" वगैरे. काकूंनी दोन वाचली आणि कागद भिरकावला. "अशी मी कवा बोलली?" मग त्या त्यांच्या भाषेत बोलल्या. "काहून हो, बहिरे झाले का?" "चहा घेता का गरम करू पुन्यांदा?" "अवो, या लवकर!" टेलिफोन खात्यात जन्म घालवलेल्या काकांनी घरभर वायरी ओढल्या, भिंतींवर ठिकठिकाणी बटणं बसवली आणि आतल्या खोलीतल्या एका जुन्या मशीनला ती जोडली. काकूंनी मागे हात नेऊन बटण दाबलं की त्यांचा आवाज दुसऱ्या खोलीतून यायचा. सवय व्हायला मला वर्ष लागलं. बाई समोर पोळ्या लाटते आहे आणि तिचा आवाज पाठीमागून तुम्हाला चहाचं विचारतो, हे दिवसाउजेडीही अंगावर येतं.

आता त्या मशीनबद्दल. तिच्यावर जी ऑपरेटिंग सिस्टीम होती ती साऱ्या जगात मूठभर हौशी लोक वापरत. ते एकमेकांना ईमेल लिहीत, आणि काका त्या फिनलंडच्या किंवा कुठल्या माणसांबद्दल शेजारच्या गल्लीतल्यासारखं बोलत. "त्याच्या मशीनीचा बी जीव अर्ध्यावरच अडकला म्हणे. बर्फ पडून राहिला तिकडं, थंडीनं असंन." त्या सिस्टीमचा मोठा गुण म्हणजे ती झटकन उठायची. आमच्याकडे उन्हाळ्यात वीज जाते आणि येते, दर खेपेला मशीन पुन्हा पहिल्यापासून जन्म घेते, आणि तेवढा वेळ काकू मुक्या. म्हणून काकांनी काकूंचा आवाज थेट सिस्टीमच्या गाभ्यात घातला होता. कर्नल म्हणतात त्याला; सगळ्यात आधी जागा होणारा भाग. हे मी शिकत होतो त्या सगळ्याच्या विरुद्ध होतं. आवाज डिस्कवर ठेवायचा असतो, मशीन पूर्ण उठली की तो उघडायचा. मी तसं सांगून पाहिलं. काका म्हणाले, "म्हंजे मशीन पयले तोंड धुईन, आंघोळ करीन, मंग तिले बोलू देईन? नाई लेका. लाइन आली का पयले ती. बाकी दुनिया मंग."

अडचण अशी की या सिस्टीमचा गाभा उचलून मेमरीत नेणारा जो छोटा प्रोग्राम असतो, त्याची झोळी लहान. "एस.टी.चा कंडक्टर हाये तो," काका म्हणायचे. "गाडी भरली का घंटी मारते. मांगं कोन रायलं ते पायत नाई, सांगत बी नाई." गाभा झोळीपेक्षा मोठा झाला की शेपटाकडचा भाग डिस्कवरच राहायचा, आणि मशीन आपण पूर्ण आहोत अशा समजुतीत कामाला लागायची. काकांनी ईमेलवर विचारलं, तेव्हा त्या फिनलंडच्या माणसाने उलट विचारलं, "तुमचा गाभा एवढा मोठा कसा? आत आहे तरी काय?" काकांनी खरं ते लिहिलं, "माझं कुटुंब." त्यानंतर बरेच दिवस त्याचं उत्तर आलं नाही.

मी दुसऱ्या वर्षाला होतो तेव्हा घरात विचित्र गोष्टी व्हायला लागल्या. आधी काकूंची एकेक वाक्यं नाहीशी झाली. "या, बसा" गेलं. "बरं वाटते आता" गेलं. बटण दाबलं की नुसती शांतता. मग काही बटणं भलतंच बोलू लागली. शेपटाकडचं वाक्य मागे राहिलं की बटण त्याच्या जागी मेमरीत शेजारी जे काही पडलेलं असेल ते वाजवायचं. एकदा काकूंनी चहाचं विचारायला बटण दाबलं, तर त्यांचाच आवाज म्हणाला, "बहिरे... लवकर... पुन्यांदा... लवकर." अशी वाक्यं काकू कधीच बोलल्या नव्हत्या. त्या स्वतः बटणावरचा हात काढून दोन पावलं मागे सरल्या. आणि एका दुपारी आम्ही तिघं ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत बसलो होतो, मशीन नुकतीच पुन्हा चालू केली होती, काकूंची पाठ चुकून बटणाला लागली, आणि रिकाम्या खोलीतून कोणीतरी गाढ झोपेत श्वास घेत असल्याचा आवाज आला. जड, लांब, मधेच अडखळणारा. काका ताडकन उठून आत गेले. आवाज थांबला. बाहेर येऊन ते आमच्याकडे न बघता म्हणाले, "पंख्याचं बेअरिंग गेलं." दुसऱ्या दिवशी काकूंनी पंखेवाला बोलावला. त्याने पंखा उतरवला, फिरवला, आणि पंख्याला काहीही झालेलं नाही असं सांगून पुन्हा टांगला.

त्यानंतरच्या मे महिन्यात काकू न्हाणीत घसरल्या. काका गच्चीवर कूलरची वाळ्याची खस बदलत होते. वीज नुकतीच जाऊन आली होती. न्हाणीत, हात पोचेल अशा उंचीवर "अवो, या लवकर"चं बटण होतं. काकांनी ते मुद्दाम तिथे बसवलं होतं. काकूंनी ते दाबलं. आणि घरभर घोरणं घुमलं.

मी परीक्षा देऊन परतलो तेव्हा काकूंचा गुडघा बांधलेला होता आणि काका त्यांच्या पलंगाशी जमिनीवर बसले होते. ते माझ्याशी बोलत होते की स्वतःशी, कोण जाणे. "मले वर आयकू आलं. मले वाटलं, निजली. लय दिवसानं अशी निजली. उठू नये म्हून मी पाय वाजू देले नाई गड्या. बादली बी हळू ठेवली." त्यांनी काकूंच्या पायाखालची उशी सारखी केली. "मंग ध्यानात आलं, श्वास दर खेपी एकाच जागी अडखळून राहिला. पुन्यांदा पयल्यापासून, पुन्यांदा तिथंच. आन् मंग आठवलं का हे बाई घोरूच नाई शकत."

त्या नव्या गळ्यातून घोरणं येत नाही. ऑपरेशनच्या आदल्या रात्री, नागपूरच्या दवाखान्यात, काकांनी रेकॉर्डर उशीपाशी चालू ठेवला होता. ते घोरणं गाभ्यात होतं, कुठल्याही बटणाला न जोडलेलं, आणि सगळ्या वाक्यांना मिळून लागेल त्याहून जास्त जागा त्याला लागत होती. दुपारी काका कानात वायर घालून दिवाणावर पडत ते रेडिओ ऐकायला नव्हे. पुढे मशीनमध्ये नवीन काही भरावं लागलं तेव्हा गाभा झोळीत मावेना, आणि घोरण्याला जागा राहावी म्हणून काकांनी काकूंची वाक्यं एकेक करून काढली होती. त्यांना वाटलं, "या, बसा" नसलं तर कोणाचं काय अडतं. शेवटी तेही पुरलं नाही, आणि काकूंची हाक डिस्कवरच मागे राहून तिच्या जागी घोरणं वाजलं.

काकूंनी लिहायची पाटी मागितली. त्या आता काय लिहितील या धास्तीने काकांनी मानच खाली घातली. काकूंनी लिहिलं, "मी कधीच घोरत नव्हते."

"बरं," काका म्हणाले.

काकूंनी त्याच्याखाली रेघ मारली. मग अजून एक.

संध्याकाळी आम्ही मशीनपुढे बसलो. काकू खुर्चीवर, पाय स्टुलावर, पाटी मांडीवर. काका म्हणाले, "काहाडून टाकतो. इतके दिवस इचा आवाज कापला म्या, इचीच झोप आयकाले." बोट कळीवर गेलं आणि तिथेच थांबलं. स्क्रीनचा निळा उजेड त्यांच्या चष्म्यावर होता आणि मला त्यांचे डोळे दिसत नव्हते. मी भीत भीत म्हणालो, "काका, घोरणं डिस्कवर ठेवू. मशीन पूर्ण उठल्यावर ते येईल. गाभ्यात फक्त वाक्यं, सगळी, काढलेलीसुद्धा." काकांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते काकूंकडे पाहत होते. काकूंनी पाटी पुसली आणि लिहिलं, "झोप मागून आली तरी चालते." मग आम्ही वाचत असतानाच खाली बारीक अक्षरात, "पण ती माझी नाही."

काम संपल्यावर काकांनी मेन स्विच पाडला आणि अंधारात थोडं थांबून पुन्हा चढवला. काकूंनी लगेच बटण दाबलं. "अवो, या लवकर!" असा आवाज झाला की खिडकीवरची चिमणी उडाली. काकूंच्या अगदी शेजारी उभे असलेले काका दचकून म्हणाले, "आलो, आलो!" काकू तोंडावर पदर धरून हलत होत्या. त्यांचं हसणं बिनआवाजाचं होतं, त्याचं बटण नव्हतं. आणि बऱ्याच वेळाने, मशीन सगळी जागी झाल्यावर, आतून तो जड श्वास सुरू झाला. काकूंनी पंख्याकडे बोट दाखवलं.

मी आता अकोल्यात नोकरी करतो. ऑफिसातली एखादी मशीन अडली की लोक घाबरतात, फोनाफोनी करतात. मी आधी बघतो ती कुठपर्यंत जागी झाली. हे मला काकांनी दिलं. आमच्या घरात पहिली पदवी आली तेव्हा पेढे घेऊन मी सगळ्यात आधी त्यांच्याकडे गेलो होतो. पेढा हातात घेऊन त्यांनी आधी चष्मा शोधला.

काकू गेल्या हिवाळ्यात गेल्या. मला उशिरा कळलं. गेलो तेव्हा काका आतल्या खोलीत होते. भिंतींवरची बटणं तशीच होती, बोटांनी गुळगुळीत झालेली. काका म्हणाले, "गाभा लय लहान केला म्या. पाय." त्यांनी मशीन चालू केली. ती खरंच डोळ्याची पापणी लवायच्या आत उठली. इतकी झटपट मी तिला कधी पाहिली नव्हती. मी विचारलं, "आणि काकूंचा आवाज?"

"हाये ना. मांगं नेऊन ठेवला, डिस्कवर. झोपीच्या संग."

ते खुर्चीत मागे टेकले.

"आता तिले कायची घाई."

दिवेलागणीची वेळ होती, पण दिवा कोणी लावला नाही. शेवटची अकोल्याची गाडी निघायला आली होती. मी पिशवी खाली ठेवली आणि आम्ही दोघं मागून येणाऱ्या आवाजाची वाट पाहत बसलो.